चार ओहमची किंमत

आधी तानपुरा खरखरला. मग उजव्या पेटीतून एकच दणका आला आणि खोलीभर जळक्या वार्निशाचा वास पसरला. तबकडी मात्र फिरतच होती. प्रस्तुत लेखकाने वडिलांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर माळ्यावरून काढून, पुसून मांडला होता. मुंबईच्या चोर बाजारातून हौसेने आणलेली जुन्या अमेरिकन स्पीकरची जोडी त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लावली होती.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका वयस्कर कारागिराने दोन्ही वस्तू आधी उलट्या करून पाहिल्या. अँपच्या पाठीवर स्वच्छ छापलेलं होतं: ८ ते १६ ओहम. स्पीकरवरचं लेबल अर्धं फाटलेलं. त्याने शाबूत राहिलेल्या डाव्या पेटीला मीटर लावला, तर आकडा आला ३.२. मीटरवरचा आकडा स्पीकरच्या छापील ओहमपेक्षा नेहमी थोडा कमी येतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो. म्हणजे ही जोडी ४ ओहमची होती, आणि तेवढ्याच आवाजाच्या नॉबवर ती अँपकडून दुप्पट करंट ओढत होती. उजव्या बाजूचा आउटपुट ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला, पॉवर सप्लायचा डीसी थेट वूफरमध्ये शिरला आणि कॉइल जळाली. जुन्या अँपमध्ये अशा वेळी स्पीकर तोडून देणारा रिले बहुधा नसतोच. याही अँपमध्ये नव्हता.

लेखकाने फक्त वॉट पाहिले होते. स्पीकर ६० वॉटचे, अँप २५ वॉटचा, मग धोका कसला, असा त्याचा हिशोब. पण स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती सोसतो, एवढंच. त्याला किती लागतं, हे त्याच्या संवेदनशीलतेवरून, म्हणजे डेसिबलच्या आकड्यावरून कळतं. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-१ मधून सीलबंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. लहान पेटीतून खोल खर्ज मिळाला, पण बदल्यात संवेदनशीलता घटली आणि अँपला जास्त राबावं लागलं. पुढचे एआर-३ आणि एआर-३ए तर ४ ओहमचेच. अशा जातीच्या जोडीला २५ वॉट पुरेनात, म्हणून लेखकाने नॉब अर्ध्याच्या बराच पुढे नेला. तानपुऱ्याची खरखर म्हणजे अँपचा दम संपल्याची खूण होती. त्याच क्षणी आवाज खाली आणला असता, तर वूफर कदाचित वाचला असता.

संवेदनशीलता दर ३ डेसिबलने घटली, की लागणारी ताकद दुप्पट होते. बीबीसीने ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला छोटा एलएस३/५ए सुमारे ८२ डेसिबलचा, तर पॉल क्लिप्श यांचा भोंग्याचा क्लिप्शहॉर्न १०४ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दीडशेपट ताकद हवी! शिवाय एलएस३/५ए मूळचा १५ ओहमचा. ८ ओहमवर २५ वॉट देणारा अँप त्याला जेमतेम १३ वॉट देईल. अँपच्या जिवाला धोका नाही, पण मोठ्या दिवाणखान्यात आवाज पुरणार नाही. लहान खोलीत मात्र या स्पीकरवर ख्याल ऐकावा. गायकाचा श्वाससुद्धा जागेवर सापडतो.

एकाच कंपनीचा माल एकमेकांना चालतो, हाही भाबडा समज. क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि ४५ वॉटचा ३०३ अँप ही नावाजलेली जोडी. त्याच क्वाडचा १०० वॉटचा ४०५ जसाच्या तसा त्या स्पीकरला लावला, तर पॅनलला जास्त व्होल्टेज मिळून ते निकामी होऊ शकतं. त्यासाठी ४०५ मध्ये व्होल्टेजला लगाम घालणारी जोडणी करावी लागते.

आता लेखकाकडे कुणी जुनी जोडी घेऊन आलं, की पहिला तासभर गाणं लागतच नाही. मीटर आधी दोन्ही पेट्यांना लागतो. दोन आकड्यांत अर्ध्या ओहमहून जास्त फरक दिसला, तर एखादा वूफर मागे कधीतरी बदललेला असण्याची शंका घ्यावी. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून कोन कुठे हलतो ते पाहायचं. प्लसला प्लस लावल्यावर तो बहुधा बाहेर येतो. जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये उलट, आत जातो. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले, की झालं. एक बाहेर आणि एक आत गेला, तर खर्ज हवेतच विरतो आणि माणूस उगाच अँपला दोष देतो. कोनच्या कडेचा फोम बोटाने अगदी हलकेच चाचपावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो आधी चिकट होतो, मग भुगा होऊन गळतो. तो बदलून मिळतो, पण दोन्ही बाजूंचा एकदमच बदलावा.

वर्षानुवर्षं बंद असलेला अँप थेट प्लगला कधीच लावू नये. कारागिराकडे सिरीज बोर्ड असतो; त्यातला बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर, स्पीकर न जोडता, आउटपुटवरचा डीसी मोजायचा. पाच-पन्नास मिलिव्होल्ट चालतात. तिथे व्होल्ट दिसले, तर स्पीकर जवळसुद्धा आणू नये. आणि ‘ए’ व ‘बी’ अशा दोन जोड्या एकदम लावण्याचा मोह होतो, तेव्हा ध्यानात ठेवावं की बऱ्याच अँपमध्ये ८ ओहमच्या दोन जोड्या मिळून ४ होतात.

वडिलांचा अँप दुरुस्त झाला. सध्या तो ८ ओहमच्या एका साध्या जोडीवर, नॉब नऊच्या काट्यापाशी ठेवून, रोज सकाळी वाजतो. चोर बाजारातल्या वूफरची कॉइल नव्याने भरून आली आहे. आज मीटरवर दोन्ही पेट्या ३.२ दाखवतात, आणि त्यांच्या पाठीवर लेखकाने ठळक शाईने ‘४ ओहम’ असं लिहून ठेवलं आहे.