सायकलीची सावकाश फेरी

पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलीवरून स्वार पुढें डोक्यावर आपटत असे. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ले यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या उंचीचीं असलेली सायकल आणली, आणि हें वाहन पुष्कळसें निर्धोक झालें. रस्ता निर्धोक निवडणें मात्र आपल्याच हातीं राहिलें.

विश्रांतीच्या फेरींत चढाओढ नको. सोबत्याशीं बोलतां येईल इतकीच गति असावी. मागून येणाऱ्या मोटारीची धास्ती असेल तर मनास विसांवा कसला? म्हणून कसाल-कुडाळकडील राष्ट्रीय महामार्ग टाळावा. मालवणाहून तारकर्ली-देवबागेकडे जाणारा रस्ता रम्य खरा. परंतु कर्ली नदी व समुद्र यांमधील त्या चिंचोळ्या पट्टींत सुटीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची दाटी होते. तेथें सकाळीं उजाडतांच जावें.

ओहोटीच्या वेळीं ओली पुळण घट्ट असते. तिच्यांत चाक सहसा रुतत नाहीं. पण ओहोटीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते, हें ध्यानांत असावें. पाणी चढूं लागतांच परतावें. पावसाळ्यांत तिकडे फिरकूं नये. घरीं येतांच सायकल गोड्या पाण्यानें धुवून, पुसून साखळीस तेल द्यावें. नाहींतर खारें पाणी तिला गंज आणील.

पालकांनीं सरसकट मनाई करण्यापेक्षां एकदां मुलांबरोबर जाऊन रस्ता पाहावा. मुलांनींही कोठें जातों, केव्हां परततों, तें सांगूनच निघावें. घरचीं माणसें निश्चिंत असलीं म्हणजेच आपली विश्रांति पुरी होते.