सेनासाहेब सुभा रघूजी भोसले

हावडा हे हुगळी नदीच्या पश्चिम काठावरील शहर होय. नदीच्या पूर्वेस कोलकाता आहे. नागपूरहून पूर्वेकडे निघालेल्या आगगाडीचा प्रवास येथे संपतो. अठराव्या शतकात नागपूरकरांचे घोडदळही हुगळीच्या काठापर्यंत येऊन पोचले होते. त्याला पाठविणारे राज्यकर्ते म्हणजे रघूजी भोसले.

रघूजींचे चुलते कान्होजी यांच्याकडे 'सेनासाहेब सुभा' हे पद होते. कान्होजी छत्रपती शाहू महाराजांच्या मर्जीतून उतरल्यावर ते रघूजींना मिळाले. पुढे देवगडच्या गोंड राजघराण्यात वारसाचा तंटा उद्भवला. विधवा राणी रतनकुंवर हिने रघूजींचे साहाय्य मागितले. तंटा मिटला, परंतु नंतर तिच्या दोन पुत्रांतच वितुष्ट आले. रघूजींनी बुऱ्हाणशहाचा पक्ष घेतला, त्याचे राजेपद नावापुरते राखले आणि कारभार आपल्या हाती घेऊन नागपूर ही राजधानी केली. १७४१ मध्ये त्यांनी दक्षिणेत त्रिचनापल्लीही जिंकली.

१७४२ मध्ये रघूजींचे कारभारी भास्करराम कोल्हटकर चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, वसूल करण्यासाठी बंगालवर चालून गेले. नबाब अलिवर्दीखान चौथाई देण्यास तयार नव्हता. युद्ध लांबले आणि त्याची झळ रयतेस बसली. गावे जळाली, पिके बुडाली. शेतकरी, विणकर घरदार सोडून नदीच्या पूर्वेस पळाले. कोलकात्यातील इंग्रजांनी संरक्षणासाठी खंदक खणण्यास आरंभ केला. तो 'मराठा खंदक' कधीच पूर्ण झाला नाही. सरकारी घोड्यावर लढणारा स्वार तो 'बारगीर'; या शब्दाचे बंगालीत 'बर्गी' झाले व ते नाव अंगाईगीतांत उरले. गंगाराम या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात हा काळ वर्णिला आहे.

१७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भास्कररामांना वाटाघाटीसाठी बोलावून ठार केले. तरीही रघूजी मागे हटले नाहीत. १७५१ च्या तहाने नबाबाने वार्षिक बारा लक्ष रुपये चौथाई मान्य केली; ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली आला. मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडू नये, असेही ठरले. १७५५ मध्ये रघूजींचे निधन झाले. ओडिशावरील भोसल्यांचा अंमल १८०३ पर्यंत टिकला.

नागपूर रघूजींना राज्यसंस्थापक म्हणून ओळखते. हुगळीकाठी मात्र त्यांच्या स्वारांच्या नावाने मुलांना भीती घातली जाई. या दोन्ही स्मृती खऱ्या आहेत. राज्यकर्त्याने किती मुलूख जिंकला हे पाहताना, त्या मुलखातील माणसांचे काय झाले हेही पाहिले पाहिजे. तेव्हाच त्याचे चरित्र पूर्ण होते.

पाठगत प्रश्न
१. 'बर्गी' हा शब्द कसा तयार झाला?
२. नागपूर व बंगाल येथील रघूजींविषयीच्या स्मृती भिन्न का आहेत? तुमच्या शब्दांत लिहा.