परक्या राजाचे घराणे

१८६३ च्या मार्च महिन्यात ग्रीसच्या राष्ट्रसभेने डेन्मार्कच्या विल्यम नावाच्या सतरा वर्षांच्या राजपुत्राची राजपदासाठी निवड केली. त्याचा पिता ख्रिश्चन नववा हा डेन्मार्कच्या गादीवर आला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे पित्याआधी पुत्रच राजा झाला!

१८६२ मध्ये पदच्युत झालेला आधीचा राजा ऑटो हाही परकीयच, बव्हेरियाचा. तो अखेरपर्यंत कॅथलिक राहिला आणि निपुत्रिकही. त्यामुळे त्याची मुळे ग्रीक भूमीत रुजलीच नाहीत. जॉर्ज या नावाने राज्य करू लागलेला विल्यम स्वतः लूथरपंथीयच राहिला. त्याच्या संततीने मात्र ऑर्थोडॉक्स पंथाचे असावे, असे ठरले. १८६७ मध्ये त्याने रशियाच्या राजघराण्यातील ओल्गाशी विवाह केला. तीही ऑर्थोडॉक्स. पुढील वर्षी झालेल्या ज्येष्ठ पुत्राचे नाव कॉन्स्टंटाइन. बायझंटाइन सम्राटांचे हे नाव ग्रीकांच्या कानाला किती गोड वाटले असेल, हे काय सांगावे?

तथापि, केवळ नावाने राज्य टिकत नाही. संसदेत ज्याच्यामागे बहुमत असेल त्यालाच मंत्रिमंडळ बनवू द्यावे, हे तत्त्व जॉर्जने १८७५ मध्ये मान्य केले. आमच्या मते त्याचे महत्त्व अधिक.

१९१३ च्या मार्चमध्ये, तुर्कांकडून नुकत्याच जिंकलेल्या थेस्सलोनिकीत फिरावयास निघालेल्या जॉर्जची एका ग्रीक माणसाने गोळी घालून हत्या केली. त्याच्यामागून कॉन्स्टंटाइन गादीवर आला. ग्रीसमध्ये जन्मलेला आधुनिक ग्रीसचा हा पहिला राजा.