काट्याला शीग नसते

रविवारच्या शाळेची मुलं आता तुझ्याकडे दिली आहेत असं पाळकसाहेब म्हणाले, म्हणून हे चार शब्द, पोरी. पाठ पुस्तकात छापलेले असतात, ते तू वाचशीलच. पण घरातली साधी वस्तू हातात घेऊन तिच्यातून देवाची गोष्ट कशी सांगायची, याचीही एक रीत आहे. ती पाळली नाही तर वस्तू वाया जाते आणि गोष्टही.

आधी वस्तू, मग वचन

धडा ठरवून मग त्याला शोभेलशी वस्तू हुडकत बसू नकोस. वस्तू काय काम करते ते आधी नीट बघ, मुलांनाही बघू दे. वचन आपोआप उघडतं.

लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की देत राहा, तुम्हालाही मिळेल. कसं मिळेल, तर दाबून बसवलेलं, हलवून पोकळी भरलेलं, वरून सांडणारं माप. तिथले लोक धान्य अंगावरच्या वस्त्राच्या ओच्यात घेत, म्हणून ते ओच्यात पडेल असं तो म्हणतो. आता आपली मुलं किराणा आणतात तो किलोच्या पुड्यात. त्यांना यातलं काय कळणार?

तू माळ्यावरची अधोली काढ. दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, एवढं सांग आणि ज्वारी भरायला बसव. पहिल्यांदा नुसती ओतून काठावरून हात फिरवायचा, सपाट. ती ज्वारी एका ताटात काढून ठेवायची. दुसऱ्यांदा भरताना अधोली हलवायची, जमिनीवर हलकेच आपटायची. दाणे खाली बसतात, वर जागा होते. ती भरायची, हाताने दाबायची, पुन्हा भरायची. मग शीग चढवायची, दाणे घरंगळून खाली पडेपर्यंत. ही ज्वारी दुसऱ्या ताटात. दोन्ही ताटं शेजारी ठेवलीस की एखादं पोर बोलेलच, "पण अधोली तर एकच होती!" तिथे थांब. अधोली एकच होती, भरणारा हात वेगळा होता. आणि ज्या मापाने तुम्ही देता त्याच मापाने तुम्हाला मिळेल, हे प्रभूचं पुढचं बोलणं मग समजावून सांगावं लागत नाही.

मोठ्या मुलांना आणखी एक विचार. काट्याला शीग असते का? नसते. काटा बरोबर तेवढंच देतो. बाजारात तो हवाच. खोट्या तागडीचा देवाला वीट येतो, असं नीतिसूत्रांत सांगितलंय. पण भावाभावांत, शेजारात, मंडळीत आपण काटा घेऊन बसलो की समोरचाही काटाच काढतो.

असं का, ते विचारायला शिकव

हरवलेल्या नाण्याची गोष्ट घे. दहातलं एक नाणं हरवतं, ती बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. दिवा कशाला लावला, हे मुलांना विचार. कफर्णहूमला त्या काळच्या घरांचे अवशेष सापडले आहेत. ती काळ्या बेसाल्टची घरं, भिंती जाड, उजेड कमी, जमीनही दगडांचीच. फटीत गेलेलं नाणं दिवसाउजेडीही दिसायचं नाही. आपल्या नगरकडच्या जुन्या काळ्या दगडी घरांतलं माजघर ज्याने पाहिलंय, त्याला हे लगेच पटेल. नाण्याची किंमत तिला किती होती, ते तिच्या दिव्यावरून आणि केरसुणीवरून कळतं. देवाला आपली किंमत किती, तेही त्याच्या शोधण्यावरूनच कळतं.

ऐकणाऱ्याच्या हाताशी असेल ते उचल

प्रभूने शेतकऱ्याला बी दाखवलं, कोळ्याला जाळं, बाईला पीठ. मोहरीचा दाणा सांगितला की लगेच खमीर. शेतातलं एक, चुलीपाशीचं एक. आपल्याकडेही ज्यांचं बोलणं लोकांत उतरलं त्यांनी हेच केलं. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले, पण १६१६ साली गोव्यात त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं ते ओवीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी अभंग धरला, कीर्तन धरलं. ऐकणाऱ्याच्या ओठांवर आधीपासून जे होतं तेच दोघांनी घेतलं.

म्हणून वचनातली वस्तू आपल्या मुलांना माहीत आहे का, ते तपासून घे. यशया म्हणतो, तुमची पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी, लोकरीसारखी पांढरी होतील. बर्फ आपल्याकडे पडत नाही. आणि लोकर म्हटलं की आपल्या मुलांना दिसते ती धनगराची घोंगडी, कारण दख्खनी मेंढी बहुतेक काळीच असते! तिथे कापूस दाखव. वचन तेच राहतं, फक्त डोळ्यांना दिसायला लागतं.

एका वस्तूचा एकच धडा

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात ऑगस्टीनसारख्या थोर माणसाने प्रत्येक गोष्टीला अर्थ लावला. जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी, उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल. वाचायला सुंदर आहे. पण प्रभूला प्रश्न विचारला होता तो "माझा शेजारी कोण?" एवढाच, आणि त्याने शेवटी सांगितलं, "जा, तूही तसंच कर." इतके अर्थ लावता लावता हे "कर" मागे राहतं. अधोलीचा धडा मापाचा. अधोलीची कडी म्हणजे काय आणि तिचं बूड म्हणजे काय, हे विचारू नको.

वस्तूवर शिक्का मारू नको

मत्तयच्या तेराव्या अध्यायात खमीर म्हणजे देवाचं राज्य. तीन मापं पीठ, म्हणजे वीस किलोंच्या वर, आणि त्यात लपवलेलं थोडंसं खमीर. तीनच अध्याय पुढे प्रभू परूश्यांच्या खमिरापासून सांभाळून राहायला सांगतो. सिंहाचंही तसंच. पेत्राच्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो आणि प्रकटीकरणात यहूदाचा सिंह म्हणजे खुद्द ख्रिस्त. मुलं गोंधळली तर घरचं विरजण दाखव. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध बदलतं. विरजण चांगलं असेल तर दही गोड, आंबलेलं असेल तर सगळं पातेलं आंबट. शिकायचं ते हे की थोडक्याची सत्ता मोठी असते. ती कुठल्या बाजूने लावायची, ते आपल्याकडे.

त्रैक्याला अंडं नको

पिता, पुत्र, पवित्र आत्मा समजावताना कुणी अंडं आणतं. कवच, पांढरं, पिवळं. पण कवच म्हणजे काही अख्खं अंडं नव्हे, आणि पुत्र मात्र पूर्ण देव आहे. कुणी पाणी, बर्फ, वाफ सांगतं. म्हणजे एकच देव वेळेनुसार रूप बदलतो असं होतं. तिसऱ्या शतकात साबेल्लियसचं नाव ज्या शिकवणीला चिकटलं ती हीच, आणि मंडळीने ती नाकारली. त्यापेक्षा यार्देन नदी सांग. पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याचा आवाज आकाशातून येतोय, तिघेही एकाच वेळी. वस्तूंनी आपल्याला वागायला शिकवावं. देव आतून कसा आहे, हे सांगायचं ओझं बिचाऱ्या अंड्यावर टाकू नये.

धडा हिशेबातही दिसला पाहिजे

वस्तू म्हटलं की शांती, प्रेम, क्षमा एवढंच सांगायची सवय लागते. पण अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे. कुणाचं जातं गहाण घेऊ नका, जात्याचा वरचा दगडसुद्धा नाही, कारण तसं करणं म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणं. रोज दळायचं, रोज खायचं, असं ते जगणं होतं. वरचा दगड नेला की घरात पीठ नाही. त्याच अध्यायात पुढे आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळताना परत द्या, त्याला ते अंगावर घेऊन झोपायचं असतं.

मुलांना विचार, आज आपल्या गल्लीत जातं कुणाचं आणि कोणतं? कुणी शिलाई मशीन म्हणेल, कुणी भाजीची हातगाडी, कुणी दादाची डिलिव्हरीची मोटारसायकल. मोठ्या माणसांनाही हा प्रश्न ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचार.

आधी आपल्या अंगाला लावून बघ

मोबाइलवर सकाळी येणारे संदेश बघतेस ना? देव म्हणजे नेटवर्क, प्रार्थना म्हणजे रिचार्ज. वाचलं, पुढे पाठवलं, झालं. ज्या धड्याने सांगणाऱ्याला काहीच करावं लागत नाही तो मुलांपुढे ठेवू नको. वस्तू दाखवण्याआधी आठवडाभर ती स्वतः वापर, आणि वापरताना प्रार्थना कर.

पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सतराव्या शतकात बंधू लॉरेन्स होता. त्याला काम मिळालं स्वयंपाकघराचं, ज्याची त्याला मुळातच नावड. वर्षानुवर्षं भांड्यांच्या खणखणाटात तो देवाशी बोलत राहिला, इतका की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला निराळ्या वाटेनाशा झाल्या. नंतर तो मठातल्या लोकांच्या चपला शिवायचा. १६९१ मध्ये तो वारला, पण लोक त्याला अजून वाचतात.

आपल्यालाही हे जमतं. भाकरी थापताना प्रत्येक भाकरीला घरातल्या एकेकाचं नाव घे. ज्याच्यावर राग आहे त्याची भाकरी मध्ये ठेव, पहिली नको आणि शेवटचीही नको, म्हणजे सुटणार नाही. हे काम हलकं आहे असं वाटलं तर योहानाचा एकविसावा अध्याय काढ. मेलेल्यांतून उठलेला प्रभू किनाऱ्यावर निखारे पेटवून मासळी भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना न्याहारीला बोलावतो.

आणि मग तू गप्प बस

दोन-तीन महिने असं चाललं की एका रविवारी सांग, पुढच्या खेपेला वस्तू तुम्ही आणायची, बोलायचंही तुम्ही. कुणी पान्हा आणेल, कुणी तुटकी चप्पल, कुणी क्रिकेटचा चेंडू. मध्ये बोलू नकोस, सुधारू नकोस. फक्त दोन गोष्टी विचार. ही वस्तू काय काम करते? आणि म्हणून तू उद्या काय करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेव, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आठवणीने विचार, केलंस का.