मथळा हलेल कशाला?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या खातेदारांची यादी एक्सेलमध्ये आहे. खाली गेलं की मुद्दल कुठलं नि व्याज कुठलं, काही कळत नाही. काय करावं?

उत्तर : मथळे पहिल्या ओळीत आणि नावं ‘ए’ रकान्यात असतील, तर ‘बी२’ चौकटीवर क्लिक करून ‘व्ह्यू’मधून ‘फ्रीझ पेन्स’ निवडा. चौकटीच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे रकाने जागेवरच थांबतील. ‘फ्रीझ टॉप रो’च्या मोहात पडू नका. ते एकच ओळ धरतं; वर संस्थेचं नाव असेल, तर नावच अडकून बसतं आणि मथळे निघून जातात! अशा वेळी मथळे तिसऱ्या ओळीत असतील, तर ‘बी४’ निवडा. छपाईला मात्र हे लागू नाही. तिथे ‘पेज लेआउट’मधल्या ‘प्रिंट टायटल्स’मध्ये मथळ्याची ओळ वेगळी द्यावी लागते.