पत्रातली शेवटची तारीख

एप्रिलमध्ये इंदूरजवळच्या आमच्या हातोदच्या आजूबाजूला नरवाई पेटते. गहू निघाला की उरलेली खुंटं जाळून टाकायची आणि शेत सोयाबीनसाठी मोकळं करायचं. बंदी आहे, दंड आहे, तरी संध्याकाळी गांधीनगरकडून घरी येताना धुराचा पट्टा दिसतोच. आमची आजी त्या दिवसांत दारं-खिडक्या लावून बसायची. तिचं सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. शेवटच्या सहा वर्षांत तिला दोनदा टीबीचा कोर्स दिला गेला. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. तिला टीबी नव्हताच. चुलीच्या धुरानं श्वासाच्या वाटा कायमच्या आखडल्या होत्या. सीओपीडी हा शब्द आमच्या घरात आला तो ती गेल्यानंतर.

मी फुप्फुसांच्या संशोधनात आलो तो या आजीमुळे. आणि या क्षेत्रात माझी जी वर्षं गेली ती का गेली, हे सांगायला आज बसलो आहे. हातोद, देपालपूर, बेटमा इथून दरवर्षी काही मुलं इंदूरला बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी शिकायला जातात आणि मग माझ्याकडे विचारायला येतात. प्रत्येकाला मी हीच गोष्ट सांगतो, आता एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

२०११ साली मी इंदूरहून एमएस्सी झालो. वय २३. परराज्यातल्या एका संस्थेत टीबीच्या रुग्णांमधल्या प्रतिकारशक्तीवर प्रकल्प चालू होता, तिथून निवडीचं पत्र आलं. महिना बारा हजार. मुलाखतीत तोंडी सांगितलं होतं, ‘सहा महिन्यांत पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन करून टाकू.’ बाबा तहसिलीत कारकून. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘रजिस्ट्रेशनचं यात कुठे लिहिलंय?’ मी म्हणालो, ‘बाबा, संशोधनात असं लिहून देत नाहीत.’ त्यांनी पत्रातल्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, नेमणूक पूर्णतः तात्पुरती, प्रकल्पाच्या मुदतीपुरती, ३१ मार्च २०१५ पर्यंत. ‘ही एक तारीख मात्र लिहून दिली आहे,’ ते म्हणाले. मी बॅग भरायला लागलो होतो.

काम मला मनापासून आवडलं. टीबीचा जंतू श्वासाबरोबर खोल वायुकोशांत जातो. तिथे पहाऱ्याला बसलेल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्या पोटातच तग धरतो. मग टी-पेशी येतात, गॅमा इंटरफेरॉन सोडतात, मॅक्रोफेजला बळ देतात आणि जंतूभोवती पेशींची गाठ बांधली जाते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ही गाठ जन्मभर टिकते आणि माणूस आजारी पडत नाही. काहींच्या बाबतीत ती आतून कुजते, फुटते, फुप्फुसात पोकळी होते. ती पोकळी करण्यात जंतूइतकाच आपल्या प्रतिकारशक्तीचाही हात असतो. जी सेना वाचवते तीच घर उद्ध्वस्त करते, आणि कधी काय होईल ते आपल्याला अजून नीट ओळखता येत नाही. बीसीजी लस माणसाला पहिल्यांदा दिली गेली १९२१ साली. लहान मुलांना ती मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर मात्र तिचा भरवसा नाही; तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत तिथे काहीच संरक्षण दिसलं नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे. या विषयात काम संपलंय असं कुणी म्हणू शकणार नाही. म्हणूनच मी मुलांना या वाटेला जाऊ नका असं कधीच सांगत नाही.

चार वर्षं मी रुग्णालयातून रक्त आणि थुंकीचे नमुने आणले, पेशी वेगळ्या केल्या, एलायझा केल्या, रात्री फ्लो सायटोमीटरची पाळी मिळाली तर पहाटेपर्यंत बसलो. रजिस्ट्रेशनचं विचारलं की उत्तर मिळायचं, ‘पुढच्या सत्रात.’ दरम्यान नेटची, म्हणजे फेलोशिप आणि व्याख्यातापदाची पात्रता ठरवणारी, परीक्षा मी एकदाच दिली, तीही न वाचता. प्रयोगशाळेतून सुटी मागायची मला लाज वाटायची. माझ्याबरोबरच लागलेल्या एका मुलीनं पहिल्याच वर्षी हट्टानं सुटी घेतली, जेआरएफ, म्हणजे स्वतःच्या नावाची ज्युनियर फेलोशिप, काढली आणि दुसऱ्या शहरात जागा पसंत करून निघून गेली. आम्ही सगळे मागून म्हणालो, हिला कामाची ओढ नाही.

३१ मार्च २०१५ ला प्रकल्प संपला. मुदतवाढ आली नाही. गाईडच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता. मी म्हणालो, निदान माझे नमुने घेऊन दुसरीकडे प्रबंध करतो. तेव्हा कळलं की एथिक्स कमिटीची परवानगी त्या एका प्रकल्पापुरतीच होती आणि रुग्णांच्या संमतीपत्रातही तेवढंच लिहिलं होतं. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले नऊ डबे, ज्यांच्या प्रत्येक नळीवर माझं अक्षर होतं, ते माझे नव्हते. दोन वर्षांनी त्यातून शोधनिबंध निघाला. लेखकांत माझं नाव नव्हतं. शेवटी तांत्रिक मदतीबद्दल आभार होते.

चूक माझी अशी की चार वर्षांत एकदाही मी समोर बसून विचारलं नाही: लेखकांच्या यादीत मी आहे का, कोणत्या कामासाठी, कितव्या जागी. विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं मला वाटायचं. आपल्याकडे गुरूला असले प्रश्न विचारत नाहीत, हे आपण घरातून घेऊन येतो. पण हे प्रश्न पहिल्या महिन्यात विचारले तर ते कामाचे असतात. चौथ्या वर्षी विचारले की तेच तक्रारीसारखे ऐकू येतात.

हातोदला परत आलो तेव्हा २७ वर्षांचा होतो. जेआरएफला तेव्हा सर्वसाधारण गटासाठी २८ची अट होती. दोन प्रयत्न उरले होते. दोन्हीत व्याख्यातापदाची पात्रता मिळाली, फेलोशिप नाही. सीएसआयआरची थेट सीनियर फेलोशिप होती, पण तिला अनुभवाबरोबर नावावर शोधनिबंध लागायचा. चार वर्षांचा अनुभव होता, निबंध शून्य. सोयाबीनची मळणी चालू असताना मी ओसरीवर बसून हे हिशेब करायचो आणि थ्रेशरच्या भुशानं शेजारचे काका खोकत असायचे.

हातोदला असे दहा महिने गेले, त्यांत एक गोष्ट बरी झाली. जगभरच्या प्रयोगशाळांनी खुली ठेवलेली जनुकांची माहिती जीईओ नावाच्या भांडारात फुकट मिळते. त्यात टीबीच्या आणि दम्याच्या रुग्णांचीही आहे. वीज असेल तेव्हा जुन्या लॅपटॉपवर ‘आर’ ही संगणकभाषा शिकलो आणि ती माहिती उलगडत बसलो. पुढे आयसीएमआरची सीनियर फेलोशिप मिळाली, त्या मुलाखतीत माझ्या चार वर्षांबद्दल दोन प्रश्न आले आणि त्या दहा महिन्यांबद्दल सात-आठ. २०१७ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत रजिस्ट्रेशन झालं, टाळेबंदीत काम अडलं, २०२२ मध्ये पदवी हातात आली. वय ३४. इन्स्पायर फॅकल्टीसाठी माझ्या गटाला ३२ची अट होती. ते दार मी पोचायच्या आधीच बंद झालं होतं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: फेलोशिप स्वतःच्या नावाची काढा. सीएसआयआर-यूजीसी, डीबीटी, आयसीएमआर, जिथून मिळेल तिथून. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि सीनियर झाल्यावर ४२,००० आहे, घरभाडं वेगळं. पण मुद्दा पैशांचा कमी आहे. प्रकल्पाच्या पगारावर असलेला मुलगा प्रकल्पाबरोबर संपतो. स्वतःची फेलोशिप असलेला मुलगा गाईडशी पटलं नाही तर ती घेऊन दुसरीकडे जाण्याचा विचार तरी करू शकतो. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षापासून तयारीला लागा. घरच्यांनी वर्षभर थांबू दिलं तर ते वर्ष वाया गेलं असं मानू नका. वयाच्या अटी बदलत राहतात, मुलींना आणि राखीव गटांना सवलत असते. प्रत्येक जाहिरात स्वतः वाचा, माझ्या आकड्यांवर विसंबू नका.

प्रकल्पात जावंच लागलं तर जा, पण आधी काही गोष्टी ईमेलनं विचारून घ्या, म्हणजे उत्तर लेखी राहतं. मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे. रजिस्ट्रेशन कोणत्या विद्यापीठात आणि केव्हा. गाईडच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांना फोन करा. आत असलेले मोकळेपणानं बोलत नाहीत.

श्वसनाच्या विषयात आणखी काही विचारावं लागतं, आणि ते कोणी शिकवत नाही. पहिलं, नमुना कुठला? रक्त काढणं सोपं, पण रक्तातल्या पेशी फुप्फुसात काय चाललंय ते पुरतं सांगत नाहीत. खरी लढाई कळते ती दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात, आणि त्यासाठी छातीरोगांचा डॉक्टर तुमच्या कामात मनानं सामील असावा लागतो, नुसता सहीपुरता नाही. दुसरं, टीबीच्या जिवंत जंतूवर काम करायचं तर बीएसएल-३, म्हणजे कडक सुरक्षेची, प्रयोगशाळा लागते. ती संस्थेत आहे का, चालू आहे का, आठवड्यातून किती तास मिळेल? नसेल तर बीसीजी किंवा निरुपद्रवी जातींवर काम करता येतं, तेही चांगलं असतं, पण हे माहीत असूनच निवडा. तिसरं, उंदीर. नेहमीच्या प्रयोगांतल्या उंदरांच्या फुप्फुसात माणसासारखी आतून कुजणारी गाठ सहसा होत नाही. फक्त उंदरांवर बेतलेल्या प्रबंधाला परीक्षक हा प्रश्न विचारतोच. आणि एथिक्सची परवानगी: तिच्यात तुमच्या प्रबंधाचा विषय बसतो का, नमुने पुढे वापरायला रुग्णाची संमती आहे का, ते कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जागा आहेत, आणि आपल्या मुलांना वाटतं त्यापेक्षा जास्त आहेत. प्रतिकारशक्तीसाठी दिल्लीची राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्था, पुण्यातलं एनसीसीएस आणि आयसर. टीबीसाठी चेन्नईची एनआयआरटी, जिथे १९५६ पासून काम चालू आहे आणि जिथल्या अभ्यासानं जगाला दाखवलं की टीबीचा रुग्ण घरी राहून गोळ्यांनी बरा होऊ शकतो, आणि आग्र्याचं जाल्मा. दमा आणि सीओपीडीसाठी दिल्लीतल्या आयजीआयबी आणि वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट, पुण्यातलं चेस्ट रिसर्च फाउंडेशन, जिथे माझ्या आजीच्या आजाराला, म्हणजे चुलीच्या धुरानं होणाऱ्या सीओपीडीला, गांभीर्यानं घेतलं गेलं. एमबीबीएस झालेल्यांनीही हा रस्ता आपला नाही असं समजू नये. विनीता बाळ आणि सत्यजित रथ, दोघंही वैद्यकीय शिक्षण घेतलेले, आयुष्यभर मूलभूत इम्युनॉलॉजीत राहिले.

आणि घराजवळ बघा. सिमरोलला इंदूरची आयआयटी आहे, शहरात एमजीएम मेडिकल कॉलेज आहे. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला. तो ज्यांच्या श्वासात गेला त्यांच्या फुप्फुसांचे दीर्घकालीन अभ्यास आयसीएमआरने हाती घेतले आणि १९९४ मध्ये ते थांबले. वाचलेली माणसं मात्र त्या सालानंतरही खोकतच राहिली. पुढे २०१० मध्ये तिथे पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. माळव्यातल्या नरवाईच्या धुराचा, सोयाबीनच्या भुशाचा फुप्फुसावर होणारा परिणाम इथल्याच कुणीतरी मोजायला हवा. बाहेरच्या माणसाला नरवाई हा शब्दच माहीत नसतो.

परदेशी पोस्टडॉकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो अनुभव माझा नाही. परत यायचं असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि डीबीटी-वेलकमच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपच्या अटी जायच्या आधीच वाचून ठेवा. पीएच.डी. झाल्यापासूनची वर्षं तिथे मोजली जातात.

परवा गांधीनगरची एक मुलगी निवडीचं पत्र घेऊन आली. दम्यावरचा प्रकल्प, संस्था चांगली. ‘दादा, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.’ मी आधी शेवटची ओळ वाचली: अकरा महिने. मग आम्ही दोघांनी ओसरीवर बसून ईमेल लिहिली, चार प्रश्नांची, शक्य तितक्या आदरानं. पाठवायच्या आधी ती घाबरली, म्हणाली, ‘राग आला आणि जागाच गेली तर?’ आतून बाबा बाहेर आले. आता त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी तिच्या हातातलं पत्र घेतलं, चष्मा लावला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली.

तिनं ईमेल पाठवली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: तीन प्रश्नांना सविस्तर, रजिस्ट्रेशनच्या प्रश्नाला ‘भेटीत बोलू’. तिनं नम्रपणे पुन्हा तोच एक प्रश्न लिहून पाठवला आहे, आणि जूनच्या नेटचा फॉर्मही भरला आहे.