लवकर, पण किती लवकर?

आमच्या हाऊसमध्ये एक अलिखित नियम आहे. पीटीचा फॉल-इन साडेपाचला असेल, तर पाच पंचविसाला रांगेत उभे राहायचे. त्यामुळे लवकर म्हणजे चांगलेच, असे मला वाटत असे. गेल्या वर्षी आंतर-हाऊस स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पिस्तूल वाजण्याआधीच मी सुटलो आणि बाद झालो. हाऊसचे हक्काचे गुण गेले. इंग्रजीचे सर एवढेच म्हणाले, "यू जम्प्ड द गन. हा वाक्प्रचार आता तू जन्मात विसरणार नाहीस." तेव्हापासून असे वाक्प्रचार मी वहीत टिपू लागलो. त्यांतले काही येथे देतो.

ऑन टाइम आणि इन टाइम : 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळी, 'इन टाइम' म्हणजे वेळेत, उशीर होण्याआधी. गाडी सहा दहाची होती आणि सहा दहालाच सुटली, तर ती 'ऑन टाइम'. आपण सहाला फलाटावर पोहोचलो, तर आपण 'इन टाइम'. शिट्टी झाल्यावर कसेबसे डब्यात चढलो, तर 'इन द निक ऑफ टाइम', म्हणजे अगदी ऐन वेळी!

अहेड ऑफ टाइम : ठरल्या वेळेच्या आधी. अर्ज मुदतीपूर्वी भरला, की हा प्रयोग करावा. मात्र 'अहेड ऑफ देअर टाइम' म्हणजे काळाच्या पुढे असलेले. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना हे शब्द शोभतात.

अ‍ॅट द क्रॅक ऑफ डॉन : आजी म्हणते तसे, 'तांबडं फुटताना'. 'ब्राइट अँड अर्ली' म्हणजेही सकाळी लवकर, पण त्यात उत्साह आहे. डोळे चोळत आलेल्या कॅडेटला तो लावू नये.

इट्स अर्ली डेज : येथे सकाळचा संबंध नाही. 'आताच काही सांगता येत नाही' असा अर्थ. नव्या संघाने पहिला सामना हरला, तर प्रशिक्षक असे म्हणू शकतात.

जम्प द गन : इशाऱ्याआधीच सुरुवात करणे, उतावीळपणा करणे. आपल्याकडे 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणतात, त्याच्या जवळचा. २०११ च्या जागतिक स्पर्धेत, दक्षिण कोरियातील देगू येथे, उसेन बोल्टसुद्धा १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत असाच बाद झाला होता. हे कळल्यावर मला थोडा धीर आला. गुण मात्र परत आले नाहीत.

एका 'लवकर' शब्दात तयारीही असते आणि घाईही. इंग्रजीने दोन्हींना वेगळी नावे दिली आहेत, म्हणून वाक्प्रचार निवडताना आपण काय सांगतो आहोत हे आधी पाहावे. यंदा मी पुन्हा धावणार आहे. मैदानावर पाच मिनिटे आधी पोहोचेन. रेषेवर मात्र पिस्तुलाची वाट पाहीन.